माहितीच्या पुस्तकांच्या पायऱ्या

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं महात्मा जोतीराव फुले यांचं एक निवेदन आहे. ते त्यांनी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगाला दिलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते, डी.एड.च्या परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न येतो. त्याच निवेदनात फुल्यांनी शाळेतल्या मराठी पुस्तकांबद्दलही लिहिलं आहे. ही पुस्तकं व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, मुलाला पुढे नेणारी नाहीत, ती नव्याने रचली पाहिजेत, असं ते म्हणतात. शेती, आरोग्य, नीती, उपयुक्त हुन्नर यांवरचे धडे त्यात पेरावेत आणि ते चढत्या क्रमाने यावेत, अशी त्यांची सूचना आहे. ही सूचना मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही.

जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडीच्या खोऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी सगळी नोकरी गेली. पहिली ते चौथीची मुलं, एका खोलीत दोन वर्ग, बाहेर भाताची खाचरं आणि वर हिरड्याची झाडं. तिथे शिकवताना मला फुल्यांच्या या सूचनेचा अर्थ रोज नव्याने कळत गेला. मराठीत लहान मुलांसाठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या चांगल्या आहेत. खऱ्या जगाची माहिती देणारी पुस्तकंही आहेत. पण नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला स्वतःच्या बळावर वाचता येईल, तिथून एकेक पायरी चढत वर जाता येईल, अशी माहितीची पुस्तकं फार थोडी आहेत. जिना आहे, पण त्याच्या खालच्या पायऱ्या बांधायच्या राहून गेल्या. त्या का राहिल्या, हे समजून घ्यायला मागे जावं लागतं.

पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हतंच. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, सगळ्यांबरोबर पाढे, पावकी, निमकी म्हणायचं, मोडीचं वळण हाताला बसवायचं. वाचायला मिळायची ती जुनी पत्रं आणि हिशेबाचे कागद. त्या शिक्षणाचा आवाका तोकडा होता आणि गावातली बहुतेक मुलं, सगळ्या मुली त्याच्या बाहेरच होत्या. तरी जे वाचायचं ते व्यवहारातलं, हे तिथे गृहीत होतं.

छापील पुस्तक आलं ते एल्फिन्स्टनच्या काळात. मुंबईचा गव्हर्नर असताना १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणात त्याने शाळांना पुस्तकं पुरवण्याचा आणि नीतिशास्त्र व भौतिकशास्त्रांची पुस्तकं देशी भाषांत तयार करण्याचा मुद्दा मांडला. आदल्याच वर्षी मुंबईत नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी उभी राहिली होती. तिच्याशी संबंधित असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ मराठीत आणली. ‘बाळमित्र’ मूळचं बेर्केंच्या फ्रेंच पुस्तकाचं, इंग्रजीवरून मराठीत आलेलं. मराठी बालसाहित्याची सुरुवात आपण इथून मोजतो. ही सुरुवात गोष्टींची आणि बोधाची होती. मुलाने वाचावं ते चांगलं वळण लागावं म्हणून, हा विचार तेव्हापासून आपल्या पुस्तकांत मुरला.

शास्त्रांची पुस्तकंही त्याच काळात आली, पण ती थेट वरच्या मजल्यावरची. हरि केशवजी पठारे यांचे रसायनशास्त्रावरचे संवाद १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं आणि त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, प्राणी, वनस्पती, इतिहास यांवर लेख दिले, नकाशे दिले. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ सुरू झालं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचं ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ वाचकांच्या हातात पडलं. नवं काही दिसलं की त्याची माहिती मराठीत आणायची, ही हौस त्या पिढीत केवढी होती! जांभेकर तर कोकणातल्या शाळांचे तपासनीस होते, अध्यापक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलचं काम त्यांनी पाहिलं. मुलाला काय अवघड जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण ही सगळी माहिती ज्याला अस्खलित वाचता येतं त्याच्यासाठी होती. अस्खलित होईपर्यंत मुलाने काय वाचायचं, याचं उत्तर एकच: क्रमिक पुस्तक.

क्रमिक पुस्तकांची ती व्यवस्था मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बसली. पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक, असं करत सहाव्यापर्यंत. कँडींचं एक काम मला शिक्षिका म्हणून फार मोलाचं वाटतं. मराठीत विरामचिन्हांचा वापर रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८५० मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पोथीत शब्दाला शब्द चिकटलेला असतो, वाक्य कुठे संपलं ते जाणत्यालाच कळतं. दोन शब्दांत जागा आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम, एवढ्याने सहा वर्षांच्या मुलाचं ओझं किती हलकं होतं, ते पहिलीच्या वर्गात बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाशेजारी बसल्यावर दिसतं. वाचन सोपं करणं हे एक शास्त्र आहे, याची ती आपल्याकडची पहिली जाण होती.

मात्र या पुस्तकांची पायरी इयत्तेशी बांधलेली होती. दुसरीत असशील तर दुसरं पुस्तक वाच, जमलं नाही तर पुन्हा दुसरीतच बस. एका इयत्तेला एकच पुस्तक, सगळ्यांना तेच. फुल्यांनी १८८२ मध्ये आक्षेप घेतला तो अशा पुस्तकांवर. शेतकऱ्याच्या मुलाला ओळखीचं वाटेल असं त्यात किती थोडं आहे, हे त्यांना दिसत होतं. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक कसा असावा तेही सांगितलं आहे: वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला आणि सुताराचा वाकस हातात घ्यायला न लाजणारा. पुस्तकात काय हवं आणि शिकवणारा कोण हवा, या दोन गोष्टी फुल्यांनी एकत्र पाहिल्या. ज्याला नांगर माहीत आहे तोच नांगरावरचा धडा मुलाच्या बेताचा करू शकतो.

पुढचं काम मासिकांनी केलं. विनायक कोंडदेव ओक मूळचे हेदवीचे. शिक्षण खात्यात नोकरी केलेला माणूस. १८८१ मध्ये त्यांनी ‘बालबोध’ सुरू केलं आणि १९१४ मध्ये वारेपर्यंत चालवलं. अंकाची रचना ठरलेली: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, शिवाय किरकोळ मजकूर. तेहतीस वर्षांत चारशेच्या घरात चरित्रं आणि जवळपास तितकेच शास्त्रीय निबंध त्यांनी मराठी मुलांना दिले, बहुतेक सगळं एकहाती लिहून. मुलांना खरं जग वाचायला आवडतं यावर एवढा भरवसा ठेवणारा दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ काढलं, त्यात भाषा आणखी मोकळी झाली, हसू आलं. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ आलं, ते विज्ञानाला वाहिलेलं. १९३० च्या दशकात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठ्यपुस्तकाचा चेहरामोहरा बदलला, लंडनहून अध्यापनाचं शिक्षण घेऊन आलेल्या या माणसाला वर्गातलं मूल ठाऊक होतं.

पण मासिक कुणाच्या घरी यायचं? ज्या घरात आधीच वाचणारं माणूस आहे, वर्गणी भरायची ऐपत आहे, त्या घरी. ‘बालबोध’मधला शास्त्रीय निबंध दहा-अकरा वर्षांच्या, नीट वाचता येणाऱ्या मुलासाठी होता. आईबाप वाचून दाखवत असतील तर धाकटी भावंडंही ऐकत. ज्याच्या घरी वाचून दाखवणारं कुणी नाही, त्याला पहिल्या ओळीलाच ठेच लागायची.

स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं, ज्याला आपण सगळे बालभारती म्हणतो. पुस्तकं स्वस्त झाली, सुबक झाली, पाड्यापर्यंत पोचली. बालभारतीने दोन गोष्टी अशा केल्या की त्यातून माहितीचं वाचन मुलांच्या अंगवळणी पडू शकलं. एक, तिसरीच्या मुलाला आधी आपला जिल्हा, मग चौथीत महाराष्ट्र, मग देश, असा जवळून लांब जाणारा क्रम. पुणे जिल्ह्याच्या नकाशात आपला तालुका कुठे आहे ते शोधताना वर्गात जी झुंबड उडते, ती मी दरवर्षी पाहिली. दुसरी, चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक. तो इतिहास आहे, माहिती आहे, सनावळ्या आहेत, तरी पिढ्यान् पिढ्यांनी ते पुस्तक परीक्षेनंतरही वाचलं. शिवनेरी आमच्या शाळेतून तासाभराच्या अंतरावर. आमची मुलं ते पुस्तक वाचत तेव्हा प्रत्येकाला वाटे की यातलं थोडं आपल्यालाच जास्त कळतं. खरंच कळत होतं. हा मुद्दा पुढे येईलच.

१९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. त्यातले पक्ष्यांवरचे, शास्त्रज्ञांवरचे, प्रवासाचे लेख आजही वाचावे असे आहेत, आणि जुने अंक आता कुणालाही फुकट वाचता येतात. पण नावाप्रमाणे ते किशोरांचं. दुसरी-तिसरीतल्या मुलाची सोय राहिलीच.

१९८० च्या दशकाच्या शेवटी खडू-फळा योजना आली. दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे आणि वाचनाची पुस्तकं. त्यात माहितीची पुस्तकंही होती. माझ्या एका शाळेत ती लोखंडी पेटीत आली आणि पेटीतच राहिली, कारण पुस्तकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होती. एक पुस्तक हरवलं, पान फाटलं, तर मुख्याध्यापकाने उत्तर द्यायचं. तपासणीला आलेले अधिकारी पुस्तकं मोजत. ती कुणी वाचली का, हे विचारल्याचं मला आठवत नाही. पेटी उघडली तेव्हा आणखी एक अडचण कळली. विजेवरचं एक सुंदर पुस्तक होतं, चित्रं रंगीत, मजकूर मात्र बारीक टाइपात, वाक्यं चार-चार ओळींची, पानापानावर जोडाक्षरं. माझ्या तिसरीतल्या मुलांना चित्रं बघून झाली की पुस्तक संपायचं. शेजारी बिनजोडाक्षरांच्या गोष्टींची पुस्तकं होती, ती त्यांना वाचता यायची. म्हणजे ज्याला वाचायला सोपं हवं त्याच्यासाठी ससा आणि कोल्हा, आणि ज्याला वीज समजून घ्यायची आहे त्याने आधी पाचवीत जावं.

एका वर्षी तिसरीत एक मुलगा होता. गोष्टीचा धडा वाचताना तो दर शब्दाला अडायचा. राजा, प्रधान, दरबार यातलं काही त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहत नसे. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या भागात बाळहिरड्याचा हंगाम असतो. हिरड्याचं फळ कोवळं असतानाच पाडायचं, वेचायचं, वाळवायचं आणि विकायचं. वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग त्यावर निघतो. सगळी घरं रानात असतात आणि शाळेचा पट हजेरीत दिसत नाही. तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठ पानांची एक पुस्तिका केली. एका पानावर एक चित्र, खाली एक ओळ.

लिहायला बसल्यावर या कामाची मेख कळते. पहिलीच ओळ मनात आली ती ‘हे हिरड्याचं झाड’. पण ‘ड्या’ आलं. जे मूल अजून जोडाक्षरापाशी अडतं, त्याला पहिल्याच पानावर अडवायचं कशाला? म्हणून ‘हा हिरडा’. ‘उन्हात वाळतो’ लिहावं तर ‘न्ह’ आला. म्हणून ‘अंगणात वाळतो’. शेवटी पुस्तिका अशी झाली: हा हिरडा. हिरडा उंच. दादा काठीने हिरडा पाडतो. आई हिरडा वेचते. हिरडा अंगणात वाळतो. हिरडा काळा होतो. मामा हिरडा मोजतो. बाबा हिरडा विकतात.

तो मुलगा ती एका दमात वाचून गेला. मग पुन्हा पहिल्या पानावर आला, पुन्हा वाचली, आणि अंगणाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “बाई, वळीव आला तर हिरडा आत घ्यायला लागतो. नाहीतर बुरशी येते. ते लिहा ना.” मी त्याला पेन दिलं. नववं पान त्याने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं, ‘बुरशी’ची वेलांटी चुकली होती. पण वाचलेल्या मजकुरात काय कमी आहे हे ओळखून त्यात भर घालणं, याहून वरची वाचनाची पायरी कोणती असते? ज्या मुलाला सगळे कच्चा म्हणत होते, त्याने ती ओलांडली, कारण विषय त्याचा होता.

त्याच विषयाची दुसरी पुस्तिका पुढे केली. पानावर दोन-तीन वाक्यं, जोडाक्षरं मोकळी सोडलेली. कोवळ्या फळाला बाळहिरडा का म्हणतात, वाळल्यावर त्याचं काय होतं, कोणता हिरडा भाव खातो. तिसऱ्या पुस्तिकेत मथळे आले, झाडाच्या आकृतीला बाण आणि नावं आली, कोणत्या महिन्यात काय करायचं त्याचा तक्ता आला. पुढे अनुक्रमणिका, शेवटी कठीण शब्दांचे अर्थ. चौथ्या पुस्तिकेत हिरडा गावाबाहेर गेला: बेहडा आणि आवळा यांच्याबरोबर त्रिफळा चूर्णात, चामडं कमावण्याच्या कामात, त्यातल्या टॅनिनपर्यंत. अनुक्रमणिका बघून हवं ते पान काढणं, तक्ता उभा-आडवा वाचणं, आकृती आणि मजकूर जुळवून बघणं, ही सगळी कौशल्यं गोष्टीच्या पुस्तकात शिकायला मिळत नाहीत, कारण गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचायची असते. ही कौशल्यं पुढे आयुष्यभर लागतात: औषधाच्या बाटलीवर, खताच्या गोणीवर, सातबाऱ्यावर, बँकेच्या पासबुकावर.

आमच्या वर्गात जे दिसलं त्याला आधार देणारा एक प्रयोग अमेरिकेत १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी प्रसिद्ध केला. त्यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. वाचून समजणं हे अक्षरओळखीइतकंच आधीच्या माहितीवर उभं असतं. शिवनेरीच्या पायथ्याची मुलं चौथीचं पुस्तक का समरसून वाचतात, याचं उत्तर यात आहे. आणि याचाच दुसरा अर्थ असा की मुलाच्या डोक्यात जगाची माहिती जितकी भरत जाईल तितकं त्याचं पुढचं वाचन सोपं होत जाईल. माहितीची पुस्तकं लवकर हातात द्यायची ती यासाठी.

पुस्तकांना पायऱ्या लावायच्या कशा, यावरही पाश्चात्त्य देशांत पुष्कळ काम झालं. एमेट बेट्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये तीन थर सांगितले: मूल एकटं वाचू शकतं तो, शिक्षकाच्या मदतीने वाचू शकतं तो, आणि ज्यात ते वैतागतं तो. शंभर शब्दांत एखादाच अडला तर पुस्तक एकट्याने वाचायचं. चार-पाच अडले तर शिक्षकाने शेजारी बसायचं. दहाच्या वर अडले तर ते पुस्तक आज बाजूला ठेवायचं. हे मोजायला बोटं पुरतात आणि मराठीलाही ते लागू पडतं. पुढे १९९६ मध्ये आयरीन फाउंटास आणि गे सू पिनेल यांनी पुस्तकांच्या पातळ्यांची सविस्तर पद्धत मांडली आणि ती जगभर गेली. मग शाळा मुलांनाच त्या पातळीच्या अक्षराने ओळखू लागल्या. हे चूक आहे, पातळी पुस्तकाची असते, मुलाची नव्हे, असं त्या दोघींनाही पुढे बजावून सांगावं लागलं. आपल्याकडे तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. ज्या समाजात जातीची, पाड्याची, आडनावाची चिठ्ठी मुलाला आधीच चिकटलेली असते, तिथे वाचनाच्या पायरीची आणखी एक चिठ्ठी कशाला? हिरड्याचं पुस्तक तिसऱ्या पायरीचं वाचणारं मूल आगगाडीचं पुस्तक पहिल्या पायरीचं घेईल. घेऊ द्यावं.

मराठीला मात्र इंग्रजीची फूटपट्टी चालत नाही. आपल्याकडे उच्चार आणि लिखाण यांचा मेळ चांगला आहे, त्यामुळे बाराखडी बसली की मूल लांबलचक शब्दही फोडून वाचतं. अडतं ते जोडाक्षरापाशी, रफारापाशी, प्रत्यय लागून रूप बदललेल्या शब्दापाशी, आणि पुस्तकी भाषेपाशी. घरी ‘आवणी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘भाताची पुनर्लागवड’ वाचायला देऊन ते अडलं तर दोष कुणाचा? फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून या प्रश्नावर आयुष्य घातलं. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि अक्षरांचे गट करून, त्यांना स्वरचिन्हं लवकर जोडून, मुलाला पहिल्या आठवड्यांतच अर्थपूर्ण शब्द वाचता यावेत, अशी शिकवण्याची रीत बसवली. वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर आणि त्यांची क्वेस्ट ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचनावर काम करते. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’चे बालगट आणि कुमारगट असे भाग केले आणि त्यात उत्तम मराठी लेखन मुलांच्या वयाच्या बेताने निवडून दिलं. पुण्यात अरविंद गुप्तांनी विज्ञानाची शेकडो पुस्तकं मराठीसह अनेक भाषांत कुणालाही मोफत मिळतील अशी केली. ही माणसं कामाला लागली नसती, तर आजची स्थिती आणखी बिकट असती.

पायऱ्यांची भाषा सर्वत्र पोचवली ती ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने. २००५ पासून निघणाऱ्या तिच्या ‘असर’ अहवालातली चाचणी चार टप्प्यांची आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका कागदावर मावणाऱ्या या चाचणीने आईबापांनाही कळलं की आपलं मूल कुठे आहे. शेवटचा टप्पा गोष्टीचा, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. २०१७ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितलं होतं. पाकीट वाचता येणं हीसुद्धा साक्षरता आहे, हे त्या एका प्रश्नाने मान्य केलं. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे खुलं भांडार उघडलं. तिथे पुस्तकांना चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचं पुस्तक अडीचशे शब्दांच्या आत, चौथीचं दीड हजाराच्या पुढे. त्यात मराठी आहे, विज्ञान आहे, प्राणी आहेत, माणसांची चरित्रं आहेत, आणि ती कुणालाही छापून घेता येतात, भाषांतर करता येतात. आमच्या केंद्रातल्या तरुण शिक्षकांनी ती छापून, दोऱ्याने शिवून वर्गात टांगली, तेव्हा मधल्या सुट्टीत मुलं खेळायला जायची थांबली नाहीत, पण परत मात्र लवकर येऊ लागली.

तरी एक मोठी उणीव राहिली आहे. ही पुस्तकं बहुधा सगळ्या देशासाठी लिहिलेली असतात; त्यात वाघ असतो, सूर्यमाला असते, डायनोसॉर असतो. मुलांना ते आवडतं आणि ते हवंच. पण सोलापूरच्या चादरीचा माग, रत्नागिरीची मासेमारी, कोल्हापूरचं गुऱ्हाळ, ऊसतोडीच्या फडावरचा कोयता, आमचा बाळहिरडा आणि भाताचा राब, यांची चार पायऱ्यांची पुस्तकं कुठे आहेत? तिसरीच्या मुलाला जिल्ह्याचं स्वतंत्र पाठ्यपुस्तक मिळू शकतं, तर जिल्ह्याजिल्ह्यातल्या हुन्नरांवर वाचनाच्या छोट्या पुस्तिका का मिळू नयेत? लिहिणारे शिक्षक आहेत. माहिती देणारे आईबाप शाळेच्या दारात उभे असतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे सांगायला त्यांना पदवी लागत नाही. अशी पुस्तिका वर्गात आली की बापाने रोज केलेलं काम मुलाला पहिल्यांदा छापील अक्षरात दिसतं, आणि शाळेत त्या कामाला मान मिळतो.

याला फार पैसा लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी. एकाच विषयावर सोप्यापासून अवघडापर्यंत, मुलांसमोर वाचून तपासलेली पुस्तकं लिहिणं. ती काळ्या-पांढऱ्या रंगात का होईना, भरपूर आणि स्वस्त छापणं. आणि वाचून झिजलेल्या पुस्तकाचं निर्लेखन करायला मुख्याध्यापकाला घाम फुटणार नाही, असा साधा नियम करणं. एक पायरी चढलेल्या मुलाच्या हातात त्याच आठवड्यात पुढची पायरी पडली पाहिजे. ती पडेपर्यंत वर्ष गेलं, तर मूल खाली उतरलेलं असतं. लिहिणारे, छापणारे आणि कपाटाची किल्ली सांभाळणारे, या तिघांनी आपापला वाटा उचलला, तर आज पहिलीत असलेली मुलं चौथीत जाईपर्यंत हे काम उभं राहू शकतं.